जामीन झाला, जामीनदार नाही

जामीन मंजूर होऊनही गरीब कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही) आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ नुसार त्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडावे लागते. याची न्यायालयाला आठवण करून द्यावी लागते, हेच दुखणे.

अजामीनपात्र गुन्ह्यात जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज करा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो (हेल्पलाइन १५१००); कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. स्थानिकच जामीनदार हवा या हट्टापायी स्थलांतरित मजूर अडकतात, तो मुद्दा अर्जात ठळक मांडा. रेशनकार्ड, मजुरीचा पुरावा जोडा.