संपत्ति कर भरायला जाण्याआधी

कागद सगळ्यात आधी. मागच्या वर्षाची रसीद, रजिस्ट्रीची झेरॉक्स, नामांतरण (खात्यावरचं मालकाचं नाव बदलणं) झालं असेल तर तो आदेश, आधार, चालू वीजबिल. खाते क्रमांक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा, कारण इंदूरच्या झोन ऑफिसात खिडकीवर उभं राहून आडनाव सांगितलं तर त्याच आडनावाची आठ-दहा खाती निघतात आणि मागची रांग कुरकुरायला लागते.

रसीद हातात घेतली की एकूण रकमेवर नजर जाते. तिथून उचला आणि घराचा उपयोग काय लिहिलाय ते बघा. स्वतः राहता, की भाड्याने? मध्य प्रदेशच्या 1956 च्या नगर निगम (म्हणजे महापालिका) कायद्यात मालक स्वतः राहतो त्या घराला संपत्ति करात 50 टक्के सूट आहे. म्हणजे 3,600 चा कर 1,800 वर येतो. पण खात्यात ‘भाडेकरू’ लागलेलं असेल तर पूर्ण 3,600. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सामान टेम्पोत भरून जातात, निगमाच्या खात्यातून मात्र जात नाहीत. कोणी अर्ज देईपर्यंत ते तिथेच नांदतात आणि त्यांच्या नावाचा कर आपण भरतो. मी भरलाय, रसिदेची घडीही न उलगडता.

तेव्हा उपयोग बदलायचा अर्ज घरूनच लिहून न्या, दोन प्रतींत. सोबत वीजबिल आणि आधार जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘होऊन जाईल’ हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही. आवक क्रमांक.

आता टेप. कर वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे घराला वर्षभरात किती भाडं येईल या अंदाजावर बसतो, आणि ते ठरतं बांधकामाचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि तुमची कॉलनी कुठल्या रेट झोनमध्ये, म्हणजे निगमाने दरासाठी पाडलेल्या कुठल्या भागात येते यावर. प्रत्येक मजला वेगळा मोजा. टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कोणीतरी घ्या. एकट्याने मोजलं की टेप मध्ये झोल खाते आणि आकडा फुगतो. मागच्या अंगणातली टिनशेड, गच्चीवर चढवलेली खोली, जिन्याखालचं दुकान, सगळं लिहा. दुकानाचा दर राहत्या घरापेक्षा वेगळा, म्हणून त्याची ओळ वेगळी. जुन्या इंदुरातल्या कित्येक घरांवर खात्यात अजून कवेलू (कौलं) आहेत, आणि प्रत्यक्षात स्लॅब पडून मुलांची लग्नं झाली. स्वस्तात सुटतंय म्हणून गप्प बसावंसं वाटतं, कळतंय मला. पण ही पद्धत स्वनिर्धारणाची आहे: आकडे आपणच भरायचे, सही आपलीच. आपलं आणि निगमाचं निर्धारण यांत 10 टक्क्यांपर्यंत फरक निघाला तर चालतो, त्याहून जास्त निघाला तर फरकाच्या पाचपट दंड. हेच उलटही लागू आहे. वर खरंच भाडेकरू असेल तर सबंध घर ‘स्वतःसाठी’ दाखवून सूट घेऊ नका. तेवढा मजला वेगळा दाखवा.

रेट झोनही तपासा. 2024 च्या निगम बजेटात कित्येक कॉलन्यांचे झोन बदलले, त्यामुळे घराला वीटही न लावता कर वाढला असेल तर आधी तिकडे बघा आणि मग बाबूशी भांडा.

नाव. वडील गेले आणि खातं अजून त्यांच्याच नावावर असेल तर कर घेतला जातो, पैशाला निगम कधी नाही म्हणत नाही. मात्र स्वतः राहतो ही सूट मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, मालक कुठे आहेत? म्हणून नामांतरण आधी करून घ्या. काकांना, आत्यांना विचारून, संमती घेऊन. इथे घाई केली तर दिवाळीच्या फराळापर्यंत पडसाद उमटतात. आणि नामांतरण म्हणजे मालकी सिद्ध झाली असं धरून चालू नका, ते फक्त कराच्या नोंदीपुरतं असतं. मालकीचे कागद वेगळे.

रसिदेत समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर दिसतील. 50 टक्के सूट संपत्ति करालाच आहे, यांना नाही, म्हणून एकूण रक्कम बरोब्बर अर्धी का नाही यावर वाद घालत बसू नका. पाणी आणि कचरा शुल्क वेगळं.

बकाया असेल तर नॅशनल लोक अदालतीची (तिथे थकलेली प्रकरणं तडजोडीने मिटवतात) तारीख वर्तमानपत्रात बघून ठेवा. तिथे अधिभारात, म्हणजे उशिराच्या जादा आकारात सूट मिळते, मूळ कर सुटत नाही. बकाया नसलेल्यांनी तिकडे फिरकायचंच कारण नाही. वर्ष 31 मार्चला संपतं. त्या आठवड्यात जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये उरका.

ऑनलाइन भरणार असाल तर भरा, पण ‘पे’ दाबण्याआधी उपयोग बघा. साइट मागच्या वर्षाचंच पुढे ओढते.

रसीद त्याच दिवशी झेरॉक्स करा, थर्मल कागदावरची शाई उडते. सुटे पैसे, पेन, पाण्याची बाटली. आणि नवी रसीद हातात पडली की खिडकीसमोरच उभं राहून उपयोगाची ओळ परत वाचा. अजून ‘भाडेकरू’ असेल तर शिक्क्याची प्रत पुढे सरकवा.