कॉलेजात सर्व्हिस लर्निंग करायचंय? मग आधी गावाला विचारा

खान्देशातल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. एनएसएसचं शिबिर बऱ्याच जणांनी केलेलं असतं, सात दिवस मुक्काम, श्रमदान, शेवटच्या रात्री भरीत-पुरी, मस्तच असतं ते. मीपण एफवायला केलं, खड्डे खणले, रोपं लावली, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर एक रोप जिवंत नाही, कारण उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. आजपण ते मनाला लागतं.

सर्व्हिस लर्निंग वेगळं पडतं ते इथंच. गावाची एक खरी गरज घ्यायची, ती आपल्या विषयाशी जोडायची आणि काय कळलं ते रोज लिहायचं, तिन्ही पाहिजे. विषय सुटला तर ते श्रमदान झालं, गरज सुटली तर नुसतं प्रोजेक्ट.

गरज शोधायला फॉर्म घेऊन जाऊ नका, ओट्यावर बसा. अमळनेरकडच्या एका गावात आम्ही असेच बसलो होतो तर एक आजी म्हणाली, "आमना पानीमा डाय शिजत नही भो." आम्ही केमिस्ट्रीवाले, लॅबमधे पाण्याचा कठीणपणा मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन केलेलं, वाइन रेडचा निळा रंग झाला की रीडिंग घ्यायचं आणि जर्नल सबमिट, संपलं. पण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला (पेशी जोडून ठेवणारा पदार्थ) धरून बसतं म्हणून डाळ मऊ होत नाही, हे त्या आजीला समजावून सांगताना मला पहिल्यांदा नीट कळलं. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, हा आकडा मी आता कधीच विसरणार नाही. सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसतं.

तुमचा विषय दुसरा असेल तर? भूगोल-इतिहासवाल्यांनी पांझरा नदीकाठची फड पद्धत बघा, बंधाऱ्यातून पाटाने पाणी कसं वाटतात, पाटकरी म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस काय करतो, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून नकाशा काढा आणि तो गावाला द्या. बॉटनीवाल्यांना साक्री तालुक्यातलं बारीपाडा आहेच, तिथल्या लोकांनी जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025 मधे पद्मश्री मिळाली. कॉमर्सवाल्यांनी बचत गटाच्या ताईंचे हिशोब बघावे, त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

वेळेचं मात्र नीट बघा. कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी घरी कुणी सापडत नाही, संध्याकाळी जा. एप्रिल-मे मधे आपल्याकडचं ऊन माहितीये, फिरायचं तर सकाळीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या असतात, तेव्हा बायकांशी गप्पा छान होतात पण सर्व्हे करायला बसू नका, त्यांचा सण आहे तो. अहिराणी येत असेल तर बिनधास्त बोला, लाजू नका, कॉलेजात दाबून ठेवलेली बोली तिथं तुमची सगळ्यात मोठी ताकद असते. धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर पावरी किंवा भिली बोलणारा वर्गमित्र टीममधे घ्याच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधी ग्रामसेवक म्हणायचे) आधी भेटा, कॉलेजचं पत्र सोबत ठेवा. पाण्याचं काम असेल तर जलजीवन मिशनमधे (घरोघरी नळाचं पाणी द्यायची सरकारी योजना) गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणी किटचं ट्रेनिंग द्यायचं असतं, तुमच्या गावात झालंय का विचारा, झालं असेल तर त्यांच्यासोबतच करा, म्हणजे तुम्ही गेल्यावरपण काम चालू राहतं.

क्रेडिटचं पण बघून घ्या, 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहे, साधारण 30 तासांना एक. तुमच्या कोर्सला कसं बसतं ते एचओडींना विचारा.

डायरी मात्र चुकवू नका. रोज तीन ओळी पुरे, आज काय पाहिलं, माझा कोणता समज चुकीचा निघाला, उद्या काय विचारायचं. मुलाखतीत मला पाण्यावर प्रश्न आला तेव्हा मी डायरीतलंच सांगितलं, घाबरायला झालंच नाही.

आणि रिपोर्ट फक्त कॉलेजात जमा करू नका. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा असते, तिथं दहा मिनिटं मागून घ्या, कोणत्या बोअरचं पाणी कसं आहे ते एका मोठ्या कागदावर मराठीत लिहून पंचायतीच्या भिंतीला लावा. आम्ही लावला तेव्हा ती आजी नातवाला घेऊन आली आणि तिच्या बोअरची ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली.