घरच्या गॅरेजसाठी मोटरसायकल लिफ्ट : या चुका टाळा

लिफ्ट विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, तो ती किती किलो उचलते हा. आणि फॅब्रिकेटरकडून बनवून घेणारा जॅक किती टनांचा लावायचा याची चौकशी करतो. स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आणि क्लासिक ३५०चे १९५ किलो आहे, त्यामुळे दोन टनांचा बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर उचलणारा, बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक) कागदावर तरी भरपूर वाटतो. घरच्या गॅरेजातले अपघात मात्र गाडी उचलली न गेल्याने होत नाहीत; वर गेलेली गाडी खाली येते किंवा आडवी होते, तेव्हा होतात. म्हणून उचललेली गाडी वर नेमकी कशाच्या आधारावर उभी राहणार आहे, हे आधी विचारावे.

तुमचे काम चेन साफ करणे, तिला तेल देणे आणि क्वचित मागचे चाक काढणे एवढेच असेल, तर पॅडॉक स्टँड (एक चाक जमिनीपासून थोडे उचलून धरणारा स्टँड) पुरेसा आहे आणि पुढचे वाचण्याची गरज नाही. इंजिनाचे काम, क्लच किंवा चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश बदलणे असली कामे वरचेवर होत असतील, तरच टेबल लिफ्टचा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून उचलणाऱ्या टेबलाचा, विचार करावा.

हायड्रॉलिकवर विसंबून काम करणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केली आहे. मी बनवून घेतलेल्या पहिल्या टेबलावर बुलेट चढवून मागचे चाक काढले होते. टेबलाची कडा जिथे होती, तिथे मागच्या भिंतीवर खडूने सहज एक रेघ मारून ठेवली आणि चहा प्यायला आत गेलो. परत येऊन पाहिले, तर कडा रेघेच्या दोन बोटे खाली आलेली होती. जॅक उघडल्यावर रिलीज व्हॉल्व्हच्या (दाबातले तेल सोडून जॅक खाली आणणाऱ्या झडपेच्या) गोळीखाली वेल्डिंगचा मोहरीएवढा कण अडकलेला सापडला. टेबलाला लॉकची पिन होती, परंतु तिची भोके फक्त पूर्ण उंचीवर जुळत, आणि मी बसून काम करत असल्याने टेबल अर्ध्या उंचीवर होते. म्हणजे पिन असूनही नसल्यासारखीच होती.

लॉक किमान तीन-चार उंचींवर बसले पाहिजे, आणि त्यातली एक उंची तुम्ही ज्या स्टुलावर बसून काम करता त्याला साजेशी असली पाहिजे. पिन नुसती भोकात सरकवून थांबू नये. ती घातल्यावर रिलीज व्हॉल्व्ह सावकाश उघडून सगळे वजन लॉकवर बसू द्यावे, म्हणजे नंतर जॅकचे सील फाटले तरी टेबल जागचे हलत नाही. पिन म्हणून भंगारातला सळईचा तुकडा वापरू नये. बोल्ट वापरायचा असेल तर त्याच्या डोक्यावर ८.८ हा आकडा आहे ना ते पाहावे. या ग्रेडची ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते, तर ४.६च्या साध्या बोल्टची ४००. बोल्टचा आटे पाडलेला भाग दोन पट्ट्यांच्या सांध्यात येऊ देऊ नये, कारण आट्यांपाशी बोल्ट बारीक असतो आणि तुटतो तो तिथेच. पिन दोन्ही बाजूंनी पट्टीत धरलेली असावी. एकाच बाजूने धरलेली पिन वाकते.

सुरुवातीच्या कोनाचा हिशेब न करणे

कात्रीसारख्या पायांच्या टेबलाबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : जॅक पंप होतो, पण टेबल जमिनीवरून हलत नाही, आणि जोर लावला तर पायच वाकतात. यात दोष जॅकचा नसतो. जॅक किंवा स्क्रू पायांना आडवा खेचत असेल, तर पाय जितके जमिनीलगत तितका जोर अधिक लागतो. पाय जमिनीशी १० अंशांचा कोन करत असतील तर वजनाच्या सुमारे ५.७ पट, २० अंशांना सुमारे पावणेतीन पट, आणि ४५ अंशांना वजनाइतकाच. क्लासिक ३५० आणि टेबलाचा वरचा भाग मिळून २५० किलो धरले, तर १० अंशांवर १,४०० किलोंहून अधिक जोर लागतो. सांध्यांचे घर्षण त्यात मिळवले की कागदावर भरपूर वाटणारा दोन टनांचा जॅक जेमतेम ठरतो. टेबल अगदी जमिनीला चिकटवण्याचा हट्ट सोडून पाय २० अंशांवर टेकतील असे थांबे वेल्ड करून घ्यावेत. त्यामुळे टेबल थोडे उंच राहते आणि चढण लांब करावी लागते, पण ती किंमत देण्यासारखी आहे. १८० मिलिमीटर उंचीसाठी ६०० मिलिमीटरची चढण सुमारे १७ अंशांची होते, जिथे खालून बुटक्या गाडीचा स्टँड घासतो. एक मीटरची चढण १० अंशांवर येते.

याच बेतात आणखी एक गफलत होते. उभा वापरायचा बॉटल जॅक लोक आडवा बसवतात. आडवा झाल्यावर त्यातल्या तेलाची पातळी बदलते, पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते आणि जॅक थोडा चढून थांबतो. जॅक उभाच राहील अशी रचना करावी, किंवा आडव्या कामासाठी बनवलेला सिलिंडर घ्यावा.

ज्या टेबलाचे दोन्ही पाय समांतर असतात, ते उठताना पुढे सरकते, हे जागा मोजताना ध्यानात येत नाही. एक मीटर लांबीचे पाय १० अंशांवरून ५० अंशांवर गेले की टेबल सुमारे ५९ सेंटिमीटर उठते आणि ३४ सेंटिमीटर आडवे सरकते. तेवढ्यात समोरची भिंत किंवा शटर आडवे येते.

गाडी बांधण्यातली घाई

साइड स्टँडवर झुकलेली गाडी तशीच वर नेऊ नये. पुढचे चाक शिकंज्यात घट्ट धरावे आणि दोन रॅचेट पट्टे हँडलखालच्या पट्टीपासून दोन्ही बाजूंना तिरके खाली ओढावेत. शॉकअप निम्मे दबेपर्यंत ओढले तरी पुरते. पूर्ण दाबून ठेवल्यास सीलवर ताण येतो. नायलॉनची दोरी किंवा सामान बांधायचे रबर इथे चालत नाही, कारण दोन्ही ताणतात. मागचे चाक काढायचे असेल, तर ते सुटण्यापूर्वी मागचा भागही बांधावा, कारण चाकाचे वजन गेले की गाडीचा तोल पुढे जातो. हे पट्टे टेबलाच्याच कड्यांना बांधावेत. भिंतीला किंवा छताला बांधलेला पट्टा टेबल खालीवर होताच सैल पडतो किंवा गाडीच ओढून पाडतो.

टेबलाऐवजी खालून उचलणारा जॅक घेणाऱ्यांनी आपल्या गाडीच्या पोटाखाली काय आहे ते आधी झोपून पाहावे. स्प्लेंडरची फ्रेम इंजिनाखालून जाते, पण यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या) इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन हाच फ्रेमचा भाग आहे आणि खाली लोखंडी नळी नाही. तिथे जॅक लावला की सगळा भार ॲल्युमिनिअमच्या केसिंगवर येतो. लाकडी फळी घातली तरी धोका टळत नाही, फक्त कमी होतो.

जमीन आणि देखभाल

खाली पोकळी राहिलेली टाइल टेबलाच्या चार पायांखाली फुटते, आणि सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक एका बाजूला खचतात. टेबल तिरके उठत असेल, तर बुश बदलण्याआधी जमिनीवर पाणसळ ठेवून पाहावी. पायांखाली जाड लोखंडी पट्ट्या टाकून भार पसरवावा.

टेबल मऊ, स्प्रिंगसारखे वाटत असेल, तर तेलात हवा आहे. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पंप मारावा. पूर्ण उंचीवर जात नसेल, तर तेल कमी आहे. तिथे हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने या जॅकमधली रबराची सीले फुगतात, आणि ही चूक एकदा झाली की सगळी सीले बदलावी लागतात. रिकामे टेबल खाली येत नसेल, तर बहुधा सांधे कोरडे पडले आहेत. कोकणातल्या दमट हवेत तर पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक पिनला ग्रीस द्यायलाच हवे.

नवे टेबल विकतचे असो वा बनवलेले, गाडी चढवण्यापूर्वी त्यावर सिमेंटच्या पन्नास किलोंच्या सहा गोण्या ठेवाव्यात आणि ते काम करायच्या उंचीवर न्यावे. पहिल्या रात्री लॉक न लावता, गोण्यांच्या आसपास कोणी फिरकणार नाही याची खात्री करून, भिंतीवर कडेपाशी खडूची रेघ मारावी. सकाळी कडा रेघेवर नसेल, तर व्हॉल्व्ह उघडून साफ करावा. दुसऱ्या रात्री लॉक लावून, जॅक पूर्ण सैल करून तीच परीक्षा घ्यावी आणि सकाळी पिन काढून उजेडात फिरवून पाहावी. ती केसभर जरी वाकलेली दिसली, तरी त्या टेबलावर गाडी चढवू नये.