एकच प्रत, तीही तळमजल्यावर: कॉम्प्युटर वापरताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. गावभाग, मारुती रोड, हरभट रोड इथले तळमजले बुडाले. लोकांनी धान्याची पोती, गाद्या, टीव्ही माळ्यावर चढवले. टेबलाखालचा सीपीयू मात्र कितीतरी घरांत खालीच राहिला. आणि "आमचा बॅकअप आहे की" म्हणणाऱ्यांची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हाही हेच.

बॅकअप एकाच खोलीत असेल तर तो बॅकअप नव्हे. मूळ फाइल कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराच्या बाहेर, एवढं असलं की पुष्कळ झालं. घरचे फोटो, दस्तांचे स्कॅन, दुकान असेल तर टॅलीचा डेटा पोर्टेबल डिस्कवर घाला आणि ती कुपवाडला बहिणीकडे किंवा पुण्याला मुलाकडे ठेवा. गणपती-दिवाळीला येणं-जाणं होतंच, तेव्हा डिस्कची अदलाबदल करायची. पेनड्राइव्ह मात्र यात धरू नका. तो ने-आण करण्यासाठी आहे. वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर त्यातला विद्युतभार हळूहळू उतरतो आणि फाइली वाचता येईनाशा होतात.

भिजलेली डिस्क उन्हात ठेवू नका

पाणी ओसरलं की लोक सीपीयू अंगणात उन्हाला लावतात आणि दोन दिवसांनी स्विच लावून बघतात. नुकसान होतं ते या दुसऱ्या पायरीला. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कला हवा आत-बाहेर व्हायला बारीक छिद्र असतं, त्यातून पुराचं गढूळ पाणी आत शिरतं. वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. डिस्क फिरताना तबकडी आणि ती वाचणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतर असतं. त्यात मातीचा कण आला की तबकडीवर ओरखडे उठलेच. डेटा हवाच असेल तर वीज अजिबात जोडू नका. डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. तांदळात ठेवण्याचा उपाय तर विसराच.

डिलीट झालेल्या फाइलीचंही असंच आहे. लग्नाचा फोल्डर उडाला की घाबरून त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं, ही हमखास होणारी चूक. फाइल पुसली तरी हार्ड डिस्कवर तिची जागा फक्त "रिकामी" म्हणून नोंदली जाते, माल तिथंच असतो. नवीन सॉफ्टवेअर नेमकं त्या जागेवर जाऊन बसतं. त्यामुळं मशिन ताबडतोब बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि मग शोधा. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क) असेल तर आशा फार कमी, कारण ती मोकळी जागा स्वतःहून साफ करत असते.

"सगळं गूगलवर आहे"

हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. फोनमध्ये जागा करायची म्हणून गूगल फोटोज उघडून फोटो डिलीट केले, की ते क्लाउडवरूनही जातात. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, मग कायमचे गेले. फक्त फोन मोकळा करायचा तर ॲपमधला "फ्री अप स्पेस" हा पर्याय वापरा. तो बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी काढतो.

फुकट जागा आहे १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही तिथंच जातो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ भरत भरत १५ जीबी संपले की नवीन मेल यायचे थांबतात. मुलाचं कॉल लेटर का आलं नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं. गूगल वनच्या स्टोरेज पानावर मोठ्या फाइली वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्या उडवा आणि ट्रॅशही रिकामा करा, तो विसरला तर जागा मोकळी झालेली दिसत नाही.

किल्ली दुसऱ्याच्या हातात

आता खरा त्रासाचा भाग. वाळव्याकडचे एक काका मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेला ईमेल उघडायचा होता, पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. "पासवर्ड विसरलात" वर दाबलं. पडद्यावर रिकव्हरीच्या मोबाइलचे शेवटचे दोन आकडे आले. काकांनी चष्मा वर केला, मुलीनं घरातले सगळे नंबर बोटांवर मोजून पाहिले.

"दादा, ह्यो नंबर आमच्या कुणाचाच न्हाई की."

तो नंबर होता फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा. घाईत ओटीपी लवकर यावा म्हणून त्यानं स्वतःचा टाकला होता. दुकान कधीच बंद झालेलं. त्यात गैर हेतू होता असं मी म्हणत नाही, रांगेत माणसं उभी असताना हे सर्रास होतं. पण खात्याची किल्ली त्याच्याकडे राहिली, ती राहिलीच.

आजच बघून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग खातं व्यवस्थापित करा, मग सुरक्षा. तिथं रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दोन्ही तुमचे किंवा घरच्यांचे हवेत. नंबर बदलल्यावरही साधारण आठवडाभर गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, म्हणून हे काम अर्जाच्या शेवटच्या तारखेला करू नका. रिचार्जअभावी बंद पडलेलं जुनं सिमकार्डही तिथं ठेवू नका. असा नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू केलं की दहा बॅकअप कोड मिळतात. त्यांची प्रिंट रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण हरवणार तो फोनच.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघताना "लिंक्ड डिव्हाइसेस" मधून ते बंद करा. डाउनलोडमधली आधारची पीडीएफ पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जिथं चालतं तिथं आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढून द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

व्हॉट्सॲपवर आलेली "लग्नपत्रिका" एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, असेल तर ती पत्रिका नव्हे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला नंतर भेटता येईल.

मशिनबद्दल थोडक्यात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून चांगला चालणारा कॉम्प्युटर भंगारात घालू नका. फक्त त्यावर बँकेची कामं करण्याआधी विंडोज ११ चालतं का ते बघा, नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून घ्या. जुनं मशिन संथ असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. "क्लीनर" सॉफ्टवेअर एकही नको.

आणि अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, ते चार्जरमधून येणाऱ्या बारीक गळतीमुळं. तिसरी पिन आणि अर्थिंग ठीक असेल तर त्या थांबतात. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा, ते फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर महागडा स्पाइक गार्डही अर्धवटच काम करतो. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून उपसा. इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही राउटरमधून काढा, वीज त्या वाटेनंही येते आणि राउटरसोबत कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट (ही वायर लावायची खाच) घेऊन जाते.