जुन्या नाट्यगृहाचा इतिहास कसा लिहावा

जुन्या नाट्यगृहाचा इतिहास लिहिताना आधी त्याच्या नावांचा माग काढावा, कारण जुनी कागदपत्रे जुन्याच नावाखाली सापडतात. कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केले ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून; तेव्हा त्या काळच्या जाहिराती, हँडबिले आणि दरबारी दप्तर त्याच नावाने चाळावे. मग वास्तूचा शेजार पाहावा: खासबाग कुस्ती मैदान अगदी लगत आहे, आणि मल्ल व नट या दोघांना मिळालेला राजाश्रय तिथे एका नजरेत दिसतो. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री लागलेल्या आगीची नोंद मात्र तारखेवर थांबवू नये. तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेल्या कलावंतांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात.