कोड लिहिण्याआधी अ‍ॅप कागदावर चालवून बघा

चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला मुलांसाठी शैक्षणिक अ‍ॅप करायचं असेल, तर पहिला आठवडा संगणक बंदच ठेवा. प्रत्येक स्क्रीनसाठी पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर चित्र आणि बटणं काढा, खाली त्या वेळी ऐकू येणारं वाक्य लिहा. मग चौथीतलं एखादं मूल समोर बसवा. ते ज्या बटणावर बोट ठेवेल त्याचा पुढचा कागद एकाने सरकवायचा, दुसऱ्याने वाक्य वाचायचं, तिसऱ्याने फक्त टिपून घ्यायचं. मदत कुणीच करायची नाही. हेच सगळ्यांत अवघड जातं!

आमच्या अपूर्णांकांच्या अ‍ॅपमध्ये भाकरीचे चार तुकडे होते. मुलगी पटकन म्हणाली, "पण हे तुकडे सारखे कुठे आहेत?" पाव भाग शिकवताना नेमकं तेच चुकलं होतं. कागदावर दोन मिनिटांत चित्र बदललं. अ‍ॅनिमेशन झाल्यावर कळलं असतं तर आठवडा गेला असता.

पहिला चालता नमुना स्क्रॅचमध्ये, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या साधनात, करा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं हे साधन मोफत आहे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित पद्धतीत, टाइप करा, नाहीतर जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचताच येत नाही. आवाज मात्र अगदी शेवटी रेकॉर्ड करा, कारण वाक्यं शेवटपर्यंत बदलत राहतात. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करा.