गोविंदपंत बुंदेल्यांवरचा ठपका आणि जुने कागद तपासण्याची रीत

‘पानिपतावर अभ्यास करायचाय’ असं ठरवून कागदांना हात घातला की सहा महिन्यांनी वह्या भरलेल्या असतात आणि निष्कर्ष एकही नसतो. पानिपत हा विषय झाला. अभ्यासाला प्रश्न लागतो, तोही असा की ज्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘पुरावा अपुरा’ असं येऊ शकेल. ‘मराठे का हरले?’ हा प्रश्न नवशिक्याला पेलणारा नाही. ‘१७६० च्या मोहिमेत गोविंदपंत बुंदेल्यांनी भाऊसाहेबांना पैसा आणि रसद पोचवण्यात कुचराई केली का?’ हा पेलतो. (गोविंदपंत हे बुंदेलखंडातले पेशव्यांचे मामलेदार; भाऊसाहेब म्हणजे मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ.) त्यात माणूस ठरलेला आहे, काळ आठ-दहा महिन्यांचा आहे आणि दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार झालेला आहे. पुढची सगळी रीत याच प्रश्नावर लावून दाखवली आहे. प्रश्न बदलला तरी पायऱ्या याच राहतात.

पहिल्या दिवशी मूळ कागदांकडे धावू नका. आधी कालक्रमाचा एक तक्ता करा. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात भाऊसाहेब कुठे होते, तिसऱ्यात अब्दाली कुठे, चौथ्यात गोविंदपंत कुठे. ठळक नोंदी अशा: १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला, नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर, डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, १४ जानेवारी १७६१ ला लढाई. पत्र हाती आलं की ते या तक्त्यात बसवायचं. कागद कितीही बोलका असला तरी तो कुठे बसतो हे कळल्याशिवाय त्याच्या मजकुरावर विश्वास टाकू नये, कारण ‘रसद पाठवा’ या दोन शब्दांचा ऑगस्टमधला अर्थ वेगळा आणि डिसेंबरातला वेगळा.

मग छापील साधनं. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यात याच काळातली पत्रं आहेत. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले ४५ भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले. दोन्हींची सूची आधी वाचा, प्रस्तावना शेवटी. प्रस्तावनेतलं मत एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक पत्र त्या मताचीच साक्ष द्यायला लागतं. शिवाय सरदेसायांचे भाग ही निवड आहे. संपादकाला जे महत्त्वाचं वाटलं ते छापलं, बाकीचं पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधलेलं आहे. ‘छापील भागांत सापडलं नाही’ आणि ‘कागद नाही’ ही दोन विधानं वेगवेगळी ठेवा.

तारीख लावणे

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

शके असेल तर हिशोब सोपा: चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. पानिपतची लढाई शके १६८२ पौष शुद्ध ८, बुधवारची. पौष जानेवारीत आला म्हणून १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१. नेहमीप्रमाणे ७८ मिळवले तर आख्खं वर्ष चुकतं, आणि पौष, माघ, फाल्गुनातल्या पत्रांच्या बाबतीत ही चूक छापील पुस्तकांतही सापडते.

पेशवाईतल्या पत्रांत बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो. समजा पत्राखाली आहे: ‘छ १५ रबिलावल सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, ‘सु॥’ म्हणजे सुहूर. सन उजवीकडून जुळवा: अलफ १०००, मया १००, सितैन ६०, इहिदे १, एकूण ११६१. सुहूर वर्ष सूर्य मृगात शिरला की सुरू होतं, अठराव्या शतकात जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिथून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. त्या वर्षातला रबिलावल ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि छ १५ म्हणजे साधारण २५ ऑक्टोबर १७६०, अब्दाली यमुना उतरला ते दिवस.

यात तीन खड्डे आहेत. सीत म्हणजे ६ आणि सितैन म्हणजे ६०; खमस-खमसैन, सबा-सबैन या जोड्याही तशाच. मोडीत शेवटचं अक्षर पुसट असलं की पत्र कितीतरी वर्षं इकडचं तिकडे जातं. दुसरा खड्डा महिन्यांचा. वर्ष सूर्याचं आणि महिने चंद्राचे, त्यामुळे वर्षात अकराएक दिवस जास्त उरतात आणि मृगाच्या आसपासची एकच चांद्र तारीख एकाच सुहूर सनात दोनदा येऊ शकते, एकदा वर्षाच्या तोंडाशी आणि एकदा शेवटी. अशा वेळी कुठली धरायची ते मजकुरावरून ठरवावं लागतं. तिसरा खड्डा फसलीचा, म्हणजे महसुली सनाचा. दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवतात. सुहूर समजून फसली सनात ५९९ मिळवले की नऊ वर्षांची चूक होते.

तारीख बसली की वार ताडून पाहा. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील तर पंचांगाच्या कोष्टकावरून एका मिनिटात कळतं. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या कालक्रमवार नोंदींत) शिवजन्माची नोंद शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख काढली की वार शुक्रवारच येतो. ही तारीख जुन्या म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च होतो, म्हणून गणकयंत्रात घालताना कुठली पद्धत निवडली आहे ते बघा. सुरत लुटीबद्दल इंग्रजांनी लिहिलेल्या पत्रांवर जानेवारी १६६३ दिसला तर गोंधळू नका: त्यांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, आपल्या हिशोबाने ते १६६४. त्याच काळातले गोव्याचे पोर्तुगीज मात्र नवी पद्धत वापरत होते, त्यामुळे इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत एकाच दिवसाच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या दिसतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पत्राच्या पाठीवर ‘पै॥ छ’ असं काही असेल तर ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही टिपा. गोविंदपंतांनी आज्ञा मोडली असं म्हणण्याआधी ती आज्ञा त्यांच्या हाती कधी पडली हे माहीत हवं.

मोडी वाचताना

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो, म्हणजे बाळबोधीत (देवनागरीत) उतरवलेलं प्रत्येक छापील पत्र हे आधीच कोणीतरी लावलेला अर्थ आहे. ज्या वाक्यावर तुमचा निष्कर्ष टेकणार आहे तेवढं वाक्य तरी मूळ कागदावर पाहून घ्या.

दोन उभ्या रेघांकडे लक्ष ठेवा. अक्षरापुढे ॥ असेल तर तो संक्षेप: मु॥ मुक्काम, मौ॥ मौजे, रा॥ राजश्री. आकड्यापुढे ॥ असेल तर अर्धा: ८४॥ म्हणजे साडेचौऱ्याऐंशी, ८४। सव्वाचौऱ्याऐंशी, ८४॥। पावणेपंच्याऐंशी. या रेघा एक समजून आकडा ८४११ असा वाचला की रसदीचा सगळा हिशोब शंभरपट फुगतो.

अक्षर लागलं नाही तर अंदाजाने भरू नका. चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह घाला आणि तुमच्या लेखात ते उद्धृत कराल तिथेही तसंच राहू द्या.

साक्षीदार किती जवळ, आणि त्याला काय हवं होतं

प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारा: लिहिणारा तेव्हा कुठे होता? घटनेनंतर किती दिवसांनी लिहितोय? कोणासाठी लिहितोय? त्याला हे कळलं कसं?

पानिपताची साधनं या चाळणीतून काढून पाहा. भाऊसाहेबांची पत्रं मोहीम चालू असतानाची, प्रसंगाला सर्वांत जवळची. नाना फडणीस लढाईत हजर होते आणि त्यांनी स्वतःची हकिकत लिहिली, पण ती बरीचशी त्यांच्या सुटकेची आहे; फौजेच्या हालचालींचा पुरावा म्हणून तिला ताणू नये. काशीराज अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. तहाची बोलणी त्याने जवळून पाहिली, पण त्याचा फारसी वृत्तांत १७८० च्या सुमाराचा, म्हणजे वीसेक वर्षांनंतरचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती तर त्याचंही भाषांतरच येतं. ‘भाऊसाहेबांची बखर’ भाषेने मोहून टाकते. तिथे डेऱ्यात दोघांत झालेला संवाद शब्दशः आला की थांबा आणि विचारा: तिसरं कोण होतं ऐकायला? संवाद बखरकाराचा, असं धरा. त्या बखरीतून लोकांना पराभवाचं काय वाटत होतं हे चांगलं कळतं. डेऱ्यात नेमकं काय बोलणं झालं, यासाठी मात्र तिचा आधार घेऊ नका.

आता ठपक्याकडे. भाऊसाहेबांच्या पत्रांत गोविंदपंतांकडे पैसा आणि रसदेचा तगादा आहे. त्यावरून गरज सिद्ध होते, कुचराई नाही. ज्याला पैसे हवेत तो माणूस दटावणीच्याच भाषेत लिहिणार. म्हणून वहीचं पान उभं दोन भागांत वाटा. डावीकडे मागणी: तारीख, काय मागितलं, किती, कोणत्या मार्गाने. उजवीकडे उत्तर: गोविंदपंत काय पाठवलं म्हणतात, काय अडलं म्हणतात. मग तिसऱ्याचा कागद शोधा, ज्याला या वादात काही मिळवायचं नाही: हुंडीची नोंद, रोजकीर्दीतला (रोजच्या हिशोबवहीतला) जमाखर्च, शत्रूकडच्या बातम्या. हिशोबाची नोंद रुक्ष असते, पण ती लिहिणाऱ्याला भविष्यातल्या वाचकाची पर्वा नसते, म्हणून ती सोन्यासारखी जपा. शेवटी शक्यता तपासा. पावसाळ्यात यमुनेला पूर होता, नोव्हेंबरपासून अब्दाली पानिपत आणि दिल्लीच्या मधे बसला होता. ज्या दिवशी रसद पोचली नाही त्या दिवशी वाट उघडी होती का, हे तुमच्या पहिल्या तक्त्यावरून लगेच दिसेल.

त्याच तक्त्यावरून आणखी एक चूक टळते. नोव्हेंबरनंतर मराठी छावणीतली पत्रं विरळ होतात. ‘भाऊसाहेबांनी पुण्याला कळवलंच नाही’ असा अर्थ काढायचा मोह होतो. पण दक्षिणेची वाट शत्रूने रोखलेली होती. जासूद (पत्र नेणारा) निसटला नाही तर पत्र लिहिलं गेलं तरी आपल्यापर्यंत येणार कसं? कागद नसण्यावरून काही म्हणायचं असेल तर आधी दाखवावं लागतं की तो कागद तयार होऊन, पोचून, टिकायला हवा होता.

साक्षी मोजायच्या नसतात, त्यांची उगमं मोजायची असतात. पाच बखरी एकच गोष्ट सांगतात आणि पाचही एकमेकींवरून उतरल्या असतील तर साक्ष एकच. शिवजन्माच्या वादात शके १५४९ सांगणाऱ्या नंतरच्या बखरी अनेक होत्या. उलट बाजूला जेधे शकावली, परमानंदाचं ‘शिवभारत’ आणि जोधपूरला सापडलेली कुंडली, तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या आणि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेवर जुळणाऱ्या. म्हणून त्या भारी पडल्या.

प्रसिद्ध वाक्य उलट दिशेने हुडकणे

सरावासाठी पानिपतच्या हानीबद्दलचं ‘लाख बांगडी फुटली, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हे वाक्य घ्या. जिथे वाचलं ते पुस्तक कोणाचा आधार देतं बघा, मग तो आधार कोणाचा, असं मागे मागे जा. ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासाशी पोचाल. तिथे हे औरंगाबादच्या सावकारांकडे निघालेल्या जासुदाच्या पत्रातलं वाक्य म्हणून येतं. त्यात दोन मोती आहेत, सत्तावीस मोहरा आहेत, रुप्या-तांब्याची गणती नाही असं आहे. बांगडी नाही. लढाई आणि हे पुस्तक यांत ६५ वर्षं आहेत. आता दोन वेगळी कामं उभी राहतात: बांगडी पहिल्यांदा कोणत्या छापील मजकुरात येते ते शोधणं, आणि १८२६ च्या मागे जाणारा मोडी कागद कोणी पाहिल्याची नोंद आहे का ते शोधणं. हे होईपर्यंत वाक्य उद्धृत करायचं असेल तर ‘ग्रँट डफने दिलेल्या पत्रानुसार’ एवढंच म्हणा.

मेलेल्यांचे आकडे याच रीतीने तपासा. ‘लाख’ हा आकडा बखरीत पुष्कळदा ‘खूप’ या अर्थी येतो. हजेरी किंवा पगाराच्या यादीतला ओबडधोबड आकडा, समजा ३,८४७, गोल आकड्यापेक्षा जास्त विचारात घ्यावा.

टिपणं

एका कार्डावर एकच कागद. वर रुमालाचा किंवा खंडाचा आणि लेखांकाचा क्रमांक, मग मूळ तारीख जशीच्या तशी, खाली तुम्ही काढलेली इंग्रजी तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, मुक्काम. मजकूर मूळ शुद्धलेखनात उतरवा. तुमचं मत वेगळ्या शाईत, कार्डाच्या मागे. एकाच बाजूला लिहिलं तर दोन वर्षांनी गोविंदपंतांचं वाक्य कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं हे तुम्हालाच सांगता येणार नाही. फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक कागदाशेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवूनच काढा, आणि पाठ कोरी वाटली तरी तिचाही काढा. पैवस्तीची तारीख तिथेच असते.

लिहायला बसाल तेव्हा क्रियापद पुराव्याच्या मापाचं घ्या. दोन स्वतंत्र समकालीन कागद जुळले तर ‘पाठवले’. एकाच बाजूचा कागद असेल तर ‘पाठवल्याचे गोविंदपंत लिहितात’. नंतरची बखरच असेल तर ‘पाठवल्याचे बखरीत आहे’. आणि निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारं एखादं कार्ड उरलं असेल, तर त्याचा क्रमांक मजकुरातच द्या, म्हणजे तोच रुमाल पुन्हा सोडणाऱ्याला ते शोधावं लागणार नाही.